'स्थिर' म्हणजे काय? लिनक्सच्या वितरणांचा इतिहास

शाळेतल्या संगणकांवर लिनक्स बसवायचे असे एकदा ठरले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणते लिनक्स? डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च अशी अनेक नावे कानावर येतात. ज्याला विचारावे तो आपल्या आवडीचे नाव सांगतो, आणि 'हे अगदी स्थिर आहे' अशी ग्वाहीही देतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही, पण जे एरवी धडधाकट आहेत, असे कितीतरी संगणक शाळांतून आणि घरांतून आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

त्याचे उत्तर शोधण्याआधी 'स्थिर' या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा. हा अर्थ कोणा एका तज्ज्ञाने बसून ठरवलेला नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, चुका करत आणि त्या सुधारत, तो ठरत गेला आहे. म्हणून आपण इतिहासाच्या वाटेने जाऊ.

गाभा आणि संच

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी आपल्या संगणकावर मिनिक्स वापरत होता. मिनिक्स ही प्रा. अँड्र्यू टॅननबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तयार केलेली, युनिक्ससारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. २५ ऑगस्ट १९९१ रोजी टोरवाल्ड्सने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले की आपण एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, निव्वळ छंद म्हणून. सप्टेंबरमध्ये तिची ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली.

पण टोरवाल्ड्सने लिहिला तो फक्त गाभा, म्हणजे कर्नल. प्रोसेसरचा वेळ वाटून देणे, स्मृतीची व्यवस्था ठेवणे, डिस्क आणि कीबोर्ड यांच्याशी बोलणे ही कर्नलची कामे. नुसते इंजिन हाती आले म्हणून प्रवास होत नाही. त्याला सांगाडा, चाके आणि आसने जोडावी लागतात. लिनक्सच्या बाबतीत यांतला बराचसा भाग आधीच तयार होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातून कंपायलर, संपादक आणि इतर साधने मुक्तपणे उपलब्ध झाली होती. प्रश्न होता तो हे सगळे भाग एकमेकांशी जुळवण्याचा. प्रत्येक भागाचा लेखक वेगळा, त्याच्या सुधारणांचे वेळापत्रक वेगळे, आणि एकाची नवी आवृत्ती दुसऱ्याच्या जुन्या आवृत्तीशी जुळेलच याची खात्री नाही.

हे जुळवण्याचे काम करून जो तयार संच लोकांच्या हाती दिला जातो त्याला 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात. आपण त्याला वितरण म्हणू. १९९२ मध्ये मँचेस्टरच्या संगणक केंद्राने पहिल्या वितरणांपैकी एक तयार केले. त्याच वर्षी पीटर मॅकडोनाल्ड यांचे 'एसएलएस' आले आणि चांगलेच पसरले. ते फ्लॉपींवरून बसवावे लागे.

सम आणि विषम

'स्थिर' या शब्दाला पहिला औपचारिक अर्थ मिळाला तो कर्नलच्या बाबतीत. मार्च १९९४ मध्ये कर्नलची १.० ही आवृत्ती आली. त्यानंतर एक सोपा संकेत रूढ झाला. आवृत्तीतील टिंबानंतरचा आकडा सम असेल तर ती स्थिर शाखा, विषम असेल तर प्रयोगाची. म्हणजे १.२, २.०, २.२ आणि २.४ या रोजच्या कामासाठी, १.३, २.१, २.३ या शाखा फक्त प्रयोग करणाऱ्यांसाठी.

संकेत चांगला होता, पण त्यात एक अडचण निघाली. २.४ ही शाखा जानेवारी २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढची सम शाखा, २.६, आली ती डिसेंबर २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षे नवी यंत्रे बाजारात येतच होती. त्यांच्यासाठी लागणारा भाग विषम शाखेत तयार होता, स्थिर शाखेत नव्हता. मग वितरणे बनवणाऱ्यांनी तो भाग उचलून आपापल्या २.४ मध्ये जोडायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की नाव एकच, पण प्रत्येकाचे कर्नल वेगळे. २.६ नंतर सम-विषमाचा हा संकेत सोडून देण्यात आला. स्थिरता टिकवण्यासाठी बदल थांबवले आणि ते फार काळ थांबवले, तर लोक मागच्या दाराने बदल आत आणतात, हा यातला धडा. पुढे तो पुन्हा एकदा गिरवावा लागला.

मर्डॉकची तक्रार

एसएलएस लोकप्रिय असले तरी त्यात दोष फार होते आणि ते वेळेवर दुरुस्त होत नसत. या असमाधानातून १९९३ साली दोन वितरणे जन्माला आली. पॅट्रिक व्होल्कर्डिंग या विद्यार्थ्याने एसएलएस दुरुस्त करत करत जुलैमध्ये 'स्लॅकवेअर' प्रसिद्ध केले. आज चालू असलेल्या वितरणांत ते सर्वांत जुने आहे. १६ ऑगस्ट रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने 'डेबियन' जाहीर केले. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयान हे त्याचे स्वतःचे; त्यांतून हा शब्द झाला.

मर्डॉकचे म्हणणे साधे होते. वितरण तयार करणे हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याची सतत निगा राखावी लागते. ते एकट्याने न करता अनेकांनी मिळून, उघडपणे करावे. एका स्वयंसेवकाने एक किंवा काही मोजकी पॅकेजे सांभाळायची आणि सर्वांनी समान नियम पाळायचे, अशी पद्धत डेबियनमध्ये पडली.

डेबियनची १.० ही आवृत्ती कधी आलीच नाही. त्याचे कारण बोधप्रद आहे. १९९५च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने डेबियनची अर्धवट तयार असलेली प्रत 'डेबियन १.०' म्हणून विकायला काढली. ती धड चालत नव्हती. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रकल्पाने तो आकडाच वगळला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ प्रसिद्ध केली. तिच्यात ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ही संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली आहे. त्या घटनेनंतर तयार होत असलेल्या आवृत्तीला आकड्याऐवजी टोपणनाव द्यायची पद्धत पडली. तेव्हाचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपटसंस्थेत काम करत होते, म्हणून ही नावे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची आहेत.

तीन खोल्या

डेबियनने पुढे जी व्यवस्था बसवली तिची कल्पना अशी करता येईल. एका इमारतीत एकामागे एक अशा तीन खोल्या आहेत. बाहेरून येणारे प्रत्येक नवे पॅकेज प्रथम पहिल्या खोलीत येते. हिचे नाव 'अनस्टेबल', आणि टोपणनाव 'सिड'. चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव. तिथे ठरावीक दिवस काढल्यावर, आणि नवा गंभीर दोष आढळला नाही तर, पॅकेज दुसऱ्या खोलीत जाते. ही 'टेस्टिंग' खोली २०००च्या अखेरीस बांधली गेली. दोन वर्षांच्या आसपास काळ लोटला की या दुसऱ्या खोलीचे दार बंद करतात. नवे काही आत घेत नाहीत, आत असलेल्यातले दोष दूर करतात, आणि मग सगळी खोली एकदम 'स्टेबल' म्हणून जाहीर होते.

आता मुख्य मुद्दा. रोजच्या बोलण्यात 'स्थिर' म्हणजे मध्येच बंद न पडणारे. डेबियनच्या अर्थाने 'स्थिर' म्हणजे न बदलणारे. हे दोन अर्थ एक नाहीत. स्टेबलमध्ये एखाद्या पॅकेजची अमुक आवृत्ती असेल तर ती आवृत्ती शेवटपर्यंत तीच राहते. सुरक्षेचा दोष सापडला तर लेखकाच्या नव्या आवृत्तीतून फक्त तेवढी दुरुस्ती काढून घेतात आणि जुन्या आवृत्तीला जोडतात. कपडा तोच, फाटले तिथे रफू. नवा सदरा मिळत नाही.

आम्हा प्रयोग करणाऱ्यांना यातले मर्म चटकन कळते. तराजू थोडासा चुकीचा असेल पण रोज तेवढाच चुकत असेल, तर त्याची दुरुस्ती गणितात करता येते. रोज वेगळा चुकणाऱ्या तराजूचे काय करायचे? शाळेच्या वर्गातही हेच आहे. जूनमध्ये मुलांना जी कळ जिथे दाखवली ती मार्चमध्ये तिथेच सापडली पाहिजे. ज्ञात दोषांसह ओळखीचे सॉफ्टवेअर हे अज्ञात दोषांसह आलेल्या नव्या सॉफ्टवेअरपेक्षा पुष्कळदा बरे.

स्थिरतेची किंमत

मात्र ही किंमत कमी नाही. डेबियन ३.० जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ जून २००५ मध्ये. पुन्हा तीच तीन वर्षे! नवा संगणक घेणाऱ्याला स्टेबलमध्ये त्याच्या यंत्राचे भाग ओळखता येतील असे कर्नल मिळेना, आणि पडद्यावरची खिडक्यांची व्यवस्थाही जुनाट वाटू लागली.

ही उणीव मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने हेरली. त्याने डेबियनच्या पहिल्या खोलीतील माल घेऊन, निवडून, घासूनपुसून दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करायचे ठरवले. हेच 'उबुंटू'. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१०. मागणी करणाऱ्याला सीडी टपालाने फुकट पाठवली जाई. भारतातही अनेकांची लिनक्सशी पहिली भेट या सीडीमुळे झाली.

पण दर सहा महिन्यांनी बदल हे कार्यालयांना आणि शाळांना परवडेना. म्हणून जून २००६ मध्ये ६.०६ ही दीर्घ मुदतीच्या आधाराची पहिली आवृत्ती निघाली. डेस्कटॉपला तीन वर्षे आणि सर्व्हरला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील असे वचन तिच्याबरोबर होते. २०१२च्या १२.०४ पासून डेस्कटॉपलाही पाच वर्षे मिळू लागली. या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या २००८ पासून सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येतात. डेबियननेही २००९ मध्ये दर दोन वर्षांनी दार बंद करण्याचे ठरवले, आणि २०११ पासून २०२५ पर्यंत त्याच्या स्थिर आवृत्त्या प्रत्येक विषम वर्षी आल्या आहेत. एकमेकांकडे पाहत दोघेही दोन वर्षांच्या मध्यममार्गावर आले.

मराठीतले एक उदाहरण या किमतीची कल्पना देईल. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत. एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ४.० ला हे अक्षर माहीत असणे शक्यच नव्हते. न बदलण्याचे वचन पाळायचे तर मराठीचे नवे अक्षरही पुढच्या आवृत्तीपर्यंत दाराबाहेर थांबणार. दोन वर्षे थांबणे सोसते. सहा-सात वर्षे थांबणे सोसत नाही.

वचन कोणाचे?

स्थिरता हे एक वचन आहे हे लक्षात आले की पुढचा प्रश्न येतो : वचन देणारा कोण, आणि तो ते पाळेल का?

'रेड हॅट लिनक्स' हे नव्वदच्या दशकात घराघरांत गेलेले वितरण. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने सांगितले की ते आता बंद होत आहे. ज्यांना दीर्घ आधार हवा त्यांनी पैसे भरून उद्योगांसाठीची आवृत्ती घ्यावी. ज्यांना फुकट हवे त्यांच्यासाठी झपाट्याने बदलणारे 'फेडोरा' आहे. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय व्यवहार्य होता, पण साध्या वापरणाऱ्याला मधला पर्याय उरला नाही. ती पोकळी 'सेंटओएस'ने भरली. मुक्त परवान्यामुळे रेड हॅटचे मूळ लेखन घेऊन तशीच प्रणाली विनामूल्य तयार करणे शक्य होते.

विज्ञानसंस्थांनाही असेच काहीतरी हवे होते. अमेरिकेतील फर्मीलॅब आणि युरोपातील सर्न यांनी 'सायंटिफिक लिनक्स' हे स्वतःचे वितरण चालवले होते. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने जाहीर केले की आठवी आवृत्ती आपण काढणार नाही. सेंटओएस ८ वापरू. ८ डिसेंबर २०२० रोजी बातमी आली की २०२९ पर्यंत चालेल असे धरलेले सेंटओएस ८ हे २०२१च्या अखेरीसच संपणार. आठ वर्षांचे वचन एका वर्षावर आले! मूळ लेखन मुक्त असल्यामुळे २०२१ मध्येच 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' हे वारसदार उभे राहिले, आणि फर्मीलॅब व सर्न यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अल्मालिनक्सची निवड केली. नुकसान भरून निघाले, पण मधल्या काळातले कष्ट कोणाला चुकले नाहीत. मुक्त परवाना वचन पाळले जाईल याची हमी देत नाही. वचन मोडल्यावर दुसरा कोणी ते उचलू शकेल याची सोय मात्र करतो.

दोन परीक्षा

स्थिर वितरणाच्या पद्धतीची कसोटी पाहणाऱ्या दोन घटना शिक्षकांनी वर्गात जरूर सांगाव्यात.

पहिली घटना डेबियनच्या विरुद्ध जाणारी. गुप्त संकेतांच्या चाव्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजात २००६ साली डेबियनच्या बाजूने एक छोटा बदल झाला. एका तपासणी साधनाने दाखवलेली सूचना दूर करण्यासाठी काही लेखन काढले गेले. त्यामुळे यादृच्छिक संख्यांचा उगमच आटला. ज्या चाव्यांचे असंख्य प्रकार असायला हवेत त्यांचे विशिष्ट प्रकारच्या यंत्रावर आणि ठरावीक लांबीसाठी सुमारे ३२ हजारच प्रकार उरले. हा दोष तिन्ही खोल्या पार करून स्टेबलमध्ये पोहोचला आणि मे २००८ मध्ये उघडकीस आला. खोल्यांमधून जाताना काही मोडले तर दिसते. सगळे सुरळीत चालत असताना आतून कमकुवत झालेले काही दिसतेच असे नाही.

दुसरी घटना २०२४ची. फाइली आकुंचित करणाऱ्या 'एक्सझेड' या पॅकेजाच्या सांभाळात सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या एका व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार ठेवले. ते वापरून दूरच्या संगणकांत शिरता आले असते. अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता आपल्या यंत्रावर वेगळ्याच कामाची मोजमापे घेत होता. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याच्या ध्यानात आले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठलाग केला आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरदार जगापुढे मांडले. तोवर ते डेबियनच्या पहिल्या दोन खोल्यांत आले होते. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियन १२ मध्ये, जुनी ५.४.१ होती. तिथे धोका पोहोचलाच नाही. उबुंटू २४.०४ तयार होत होते. त्याची चाचणी आवृत्ती आठवडाभर लांबवून पॅकेजे पुन्हा बांधण्यात आली.

यातून 'जुने तेच सुरक्षित' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फ्रॉइंडला ते चोरदार सापडले तेच मुळी तो डेबियनची 'अनस्टेबल' वापरत होता म्हणून. सगळेच तिसऱ्या खोलीत बसले असते तर दोष पहिल्या खोलीत कोणाच्याही नजरेस न पडता दोन वर्षांनी आरामात आत आला असता. स्थिरतेचे फळ ज्यांना मिळते ते अस्थिर वापरणाऱ्यांच्या ऋणात असतात.

मग निवड कशी करावी?

इतिहासाने दिलेले निकष आता आपण एकत्र मांडू. पहिला : वितरणाची ही आवृत्ती किती वर्षे सांभाळली जाईल? फेडोराची एक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे. डेबियनची तीन वर्षे आणि पुढे मर्यादित स्वरूपात आणखी दोन. आर्चमध्ये आवृत्तीच नसते, बदलांचा प्रवाह अखंड चालू असतो. शिकण्यासाठी तो उत्तम, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तीस संगणकांवर नको. दुसरा निकष : वचन देणारा कोण, आणि त्याने हात काढून घेतला तर पुढची वाट कोणती? तिसरा : ते आपल्या यंत्रावर चालते का? डेबियन १२ पासून वाय-फायसारख्या भागांना लागणारी फर्मवेअर अधिकृत संचातच येते, त्यामुळे जुनी मोठी अडचण दूर झाली आहे. उलट, डेबियन १३ मध्ये ३२ बिटी संगणकांसाठीचा संच मिळत नाही. फार जुन्या यंत्रांना बारावीवरच थांबावे लागेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना आम्ही डेबियन स्टेबल किंवा लिनक्स मिंट सुचवू. मिंट २००६ पासून आहे, आणि २०१४ पासून त्याची मुख्य आवृत्ती फक्त उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर बांधली जाते. त्याची पडद्यावरची मांडणी विंडोजमधून येणाऱ्यांना परकी वाटत नाही. केरळच्या शाळांनीही हाच विचार केला आहे. तेथील शासनाची 'काइट' ही संस्था उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून शाळांसाठी एकच संच तयार करते. त्यामुळे पाठ्यपुस्तकातले चित्र आणि पडद्यावरचे चित्र जुळते.

बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहावा. हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. आवाज, छपाई, प्रोजेक्टर आणि नेटवर्क तपासावे. मराठी कीबोर्ड लावून 'ऱ्हास', 'वाऱ्यावर' आणि 'ॲसिड' हे शब्द लिहून छापून पाहावेत. एका वेळी एकाच संगणकावर बसवावे, पंधरा दिवस वापरावे, मग इतरांकडे वळावे. कक्षाच्या दारावर एक कागद लावावा : वितरणाचे नाव, आवृत्ती, आणि तिचा आधार कोणत्या महिन्यात संपतो ती तारीख. त्या तारखेच्या आधीच्या उन्हाळी सुट्टीत पुढची आवृत्ती बसवायची. आणि एका जुन्या संगणकावर मोठ्या मुलांना 'टेस्टिंग' वापरू द्यावी, सापडलेले दोष नीट लिहून कळवायला शिकवावे. इतरांनी आपल्यासाठी केलेल्या कामात तेवढाच आपलाही वाटा.